हंगामाचं रबर

चंदा : साधनाताईकडं मी जाणार नाही, एकदा सांगतलं ना. गाडी माह्या नावावर हाय, सही माह्यी लागते. तं गाडीचं काय होते ते डोळ्यानं पाहीन आन मंगच सही करीन.

किशोर : अवो, पन इथं काय पाहाचं हाय? काळं ऑईल आन लोखंड. साधना दोन गल्ल्या सोडून राह्यते. भावजय अकोल्याले आली आन दारात नाही आली, तं माह्या बहिनीले काय वाटन? जा, चहा घे, जेव. इथलं झालं का मी येतो कागद घेऊन.

चंदा : मले हाकलाची इतकी घाई काहून हाय तुमाले? मोर्शीपासून पाहून राहिली मी. गॅरेज मोर्शीत हायेत, अमरावतीत तं गल्लोगल्ली हायेत. ते सोडून दीडशे किलोमीटर अकोला.

किशोर : घेनारा अकोल्याचा हाय म्हनून. तो बँकेतला पुष्कर उद्या सकाळी गाडी पाहाले येते. आन नत्थुजी पहिले वरूडले होते, आता पोराजवळ इथं गॅरेज टाकलं. तीस वर्सं निस्तं सस्पेन्शनचंच काम केलं त्याईनं. ओळखीचा मानूस हाय. त्यात काय इचाराचं?

नत्थुजी : ओ किशोरभाऊ, गाडी जॅकवर घेतली, या. अरे, वहिनी पन हायेत? नमस्कार वहिनी. बसा त्या स्टुलावर, पुसेल हाय तो.

चंदा : उभी बरी मी, काका. गाडी विकाची हाय. तिच्यात काय चांगलं, काय वाईट, माह्यासमोर सांगा. घेणाऱ्याले मी खोटं सांगणार नाही.

नत्थुजी : वा! असं गिऱ्हाईक पाहिजे. नाही तं लोक म्हन्तात, नत्थुजी, फक्त तो कुईकुई आवाज बंद करून द्या, बाकी जाऊ द्या खड्ड्यात. मंग पुढून सुरू करतो. गाडी बावीस वर्साची. हा पुढचा स्ट्रट. स्प्रिंग आन शॉकअप एकाच दांड्यावर. स्प्रिंग उसळते, शॉकअप तिले म्हन्ते, बस झालं, आता खाली बैस. त्याच्या बुडाशी हा लोअर आर्म, चाकाले जागेवर धरते. उजवीकडच्या आर्मच्या सांध्यातला बुश खाल्लेला हाय, तो बदलावा लागन. डावीकडचा आर्म तं पुरा नवाच दिसते. काहून भाऊ? ठोकली होती का कुठं?

किशोर : हो, जरासी.

चंदा : जरासी? बाभळीच्या झाडाले. मी ठोकली काका. मांगच्या फागुनात. सासूबाई संग होत्या. त्यांचा खुबा मोडला, वाटी बदलावी लागली. अजून वॉकर धरून चालतात.

नत्थुजी : अरेरे! मले मालूमच नाही. कशी काय लागली?

किशोर : जाऊ द्या ना आता. झालं गेलं. तेच तेच आठवून तिले त्रास होते.

चंदा : अकरा महिने सारं गाव आठवून देऊन राहिलं, तवा नाही माह्या त्रासाची आठवण आली तुमाले. मोर्शीच्या अलीकडं एक वळण हाय काका. तिथं पाट फुटला होता, रस्त्यावर पाणी. लय नव्हतं, टायर ओला होईन इतकंच. वळणाच्या तोंडाशी ब्रेकर हाय. ब्रेकरवर गाडीचा मांगचा भाग जो उसळला, तो मंग माह्या हातात आलाच नाही. मांगचं पुढं अन् पुढचं मांगं. मी स्टेअरिंग फिरवून राहिली आन गाडी आपल्याच मनानं गोल. चाळीसच्या वर नव्हती मी. पण मी नर्स हाय ना, दवाखान्यात रोज पाहते. रस्त्यावर पडलेले सारेच म्हणतात, चाळीसच्या वर नव्हतो. मंग मी म्हटलं, झालं असन आपल्याच हातून.

नत्थुजी : चाळीसवर ही गाडी अशी फिरत नाही वहिनी. फिरवीन म्हटलं तरी फिरत नाही. टायर गुळगुळीत होते का?

चंदा : नवे होते. दिवाळीत टाकलेले.

नत्थुजी : मंग थांबा. मांगून पाहू.

किशोर : नत्थुजी, मांगचं मी फोनवर सांगतलं ना तुमाले. तेवढं चूपचाप करून टाका. तिले सारं समजावून सांगाची गरज नाही.

चंदा : काय सांगतलं फोनवर?

किशोर : काई नाही. मांगून जरा आवाज येते, तो.

नत्थुजी : आवाज? तुमी तं म्हनले, रबर काढाचे हायेत. मी समजलो, औंदाच्या संत्र्यासाठी नवे टाकले असतीन कोनाकडून. बत्ती द्या मले इकडं... अरे, हे तं माह्याच हातचे हायेत! ट्रकचा टायर कापून मीच केले होते, हे पाहा माह्या सुरीचे निशान. दीड वर्स होत आलं. किशोरभाऊ, हे अजून निघाले नाहीत?

चंदा : कोणते रबर?

किशोर : चंदा, तू साधनाकडं...

चंदा : कोणते रबर, काका?

नत्थुजी : आता कसं सांगू तुमाले. हे मांगचं चाक. इथं स्प्रिंग हाय, सात वेढ्यांची. वेढ्याईच्या मधात हे काळे ठोकळे दिसतात ना, ते हंगामाचे रबर. संत्र्याच्या दिवसात लोक छोट्या गाडीची मांगची सीट काढतात आन बारा-पंधरा कॅरेट कोंबतात. मंग गाडीचं बूड रस्त्याले टेकते. बूड टेकलेलं दिसलं का पोलीस थांबवते. म्हनून स्प्रिंगमंधी रबर घालाचे. मंग स्प्रिंग दबतच नाही. वरूडले हंगामात पन्नास-साठ गाड्याईत टाकत होतो मी.

चंदा : ते मले मालूम हाय. संत्र्याच्या गेल्याच्या गेल्या आंबिया बहाराले यांनी टाकले होते आन मी घर डोक्यावर घेतलं होतं. माह्या पगारातून घेतलेली गाडी तुमच्या बागेचा टेम्पो नाही म्हटलं. मंग यांनी काढले. वरूडले जाऊन काढून आलो म्हणले, संक्रांतीच्या आधी. हो ना? काढले ना तुमी?

किशोर : म्हन्जे... काढाले गेलो होतो मी. नत्थुजी तवा दुकानात नव्हते.

नत्थुजी : मी कुठं जाऊ? दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माह्यं दुकान एक दिवस बंद नव्हतं.

चंदा : थांबा. म्हणजे हे तवापासून इथंच हायेत. फागुनात पण होते.

नत्थुजी : होतेच ना. त्याईले काय पाय फुटतात? एक मिनिट, गाडी खाली घेतो... हां. आता डिक्कीवर दोन्ही हात ठेवा वहिनी. दाबा. सारं वजन टाका.

चंदा : हालतच नाही.

नत्थुजी : आता त्या बाजूच्या गाडीवर दाबा. तीबी याच वयाची हाय.

चंदा : ही खाली गेली. वर आली. बसली.

नत्थुजी : हे असं पाहिजे. आता टायर आन मडगार्डच्या मधात हात घाला. रिकाम्या गाडीचं माप हाय तीन बोटं. तुमच्या गाडीत पुरा पंजा जाते, वरून अंगठा. आन हा शॉकअप पाहा, उभ्या उभ्याच पुरा तानून गेला. गाडीत माल असला तं ठीक हाय. रिकामी असली तं चाक ब्रेकरवर आपटते आन वरच राह्यते. खाली याले त्याच्याजवळ जागाच नाही. हवेतल्या चाकानं रस्ता कसा धराचा? त्यात पानी, त्यात वळन. तीस वर्सं झाले मले या धंद्यात. तुमच्या जागी मी असतो तं मीबी बाभळीतच गेलो असतो.

चंदा : पुन्हा म्हणा.

नत्थुजी : काय?

चंदा : ते शेवटचं. पुन्हा म्हणा. यांना आयकू द्या.

नत्थुजी : मीबी बाभळीतच गेलो असतो, वहिनी.

चंदा : अकरा महिने! अकरा महिने मी मान खाली घालून चालली त्या मोर्शीत. लस टोचाले गेली तं बाया म्हणतात, सिस्टर, सुई तं नीट धरता ना, का तिचंही स्टेअरिंग करता? हसत हसत म्हणतात आन मले हसावं लागते. तुमच्या पार्बतामावशीनं चार बायकांत म्हटलं, सासूले माराले निघाली होती, खुब्यावरच भागलं. मी आयकून घेतलं. मी म्हटलं, म्हातारीचं हाड मोडलं हाय, लोक बोलतीनच. आन तुमी काय म्हणले तवा? आठवते का?

किशोर : मी काई म्हनलो नाही.

चंदा : तेच तं! काईच नाही म्हणले! तोंडात मूग धरून बसले. आन आपली गाडी घेऊन हिंडत राहिले, संत्रा भरून, अमरावतीच्या मंडीत. मी एस्टीच्या फाट्यावर उभी आन तुमी माह्याच गाडीत माह्यासमोरून जात होते. काका, तुमी पण काई कमी नाही. तुमाले मालूम होतं ना, रिकामी गाडी अशी उसळते? मंग टाकले कशाले?

नत्थुजी : मी नाही टाकले तं दुसरा टाकते वहिनी. हंगामाचे दिवस, लोक लाईन लावून उभे राह्यतात.

चंदा : हे आमच्याकडं इंजेक्शन देणारे भोंदू डॉक्टर पण म्हणतात. मी नाही दिलं तं दुसरा देईन.

नत्थुजी : बोला. तुमचा हक हाय. पन मी टाकून सोडून देत नव्हतो, हे बी आयका. परतेकाले सांगत होतो, हंगाम सरला का आठ दिवसात काढून घे. आन मधात रिकामी चालवाची असन तं डिक्कीत रेतीचे दोन पोते टाक, चाक जमिनीवर राह्यते. किशोरभाऊले तं दोनदा सांगतलं. घरी बाईमानूस गाडी चालवते म्हनले, म्हनून दोनदा सांगतलं.

चंदा : रेतीचे पोते?

नत्थुजी : हो. अर्धे अर्धे भरलेले दोन. बस.

चंदा : ते पोते त्याच्यासाठी होते?

किशोर : चंदा, आपन घरी जाऊन बोलू.

चंदा : मले वाटलं आळसानं पडून हायेत. ओट्याच्या बांधकामातली रेती उरली, ती उचलाचा कंटाळा केला तुमी. काका, त्या दिवशी सासूबाईच्या भाचीच्या घरी जाचं होतं. पापड-कुरड्याचे डबे न्याचे होते, लग्नघर होतं. डिक्की उघडली तं हे पोते. एक फाटेल होतं, सारी रेती डिक्कीत. मी म्हटलं, कुरड्यात रेती जाईन. एक पोतं मी ओढत तुळशीपाशी नेऊन ठेवलं. हे आंगणात दाढी करून राहिले होते. तोंडाले साबण तसाच. उठले आन म्हणले, राहू दे, तुले जड होईन. आन दुसरं पोतं... दुसरं पोतं तुमी उचललं.

किशोर : चंदा...

चंदा : तू उचललं! तुह्या हातानं उचललं दुसरं पोतं!

किशोर : नत्थुजीसमोर अरे-तुरे करून राहिली तू?

चंदा : करीन! साऱ्या अकोल्यासमोर करीन! तुले सारं मालूम होतं. रबर आत हायेत हे मालूम होतं, पोते कशाले हायेत हे मालूम होतं. पोतं उचलून तू तुह्या बायकोले आन मायले त्या गाडीत बसवलं. डबे पण तूच ठेवले, एकावर एक. दार लावलं, आन हात केला आमाले!

किशोर : माय ओसरीत बसून पाहून राहिली होती. तिच्यासमोर काय सांगू? रबर काढले म्हनून खोटं बोललो होतो, ते उघडं पडलं असतं. तू तिथंच भांडन काढलं असतं, आन माय लग्नघरी जाले निघालेली. मी म्हनलं, धा किलोमीटर तं जायाचं हाय. संध्याकाळी आले का काढून टाकीन.

चंदा : एका भांडणाले भेला तू.

किशोर : हो. भेलो.

नत्थुजी : किशोरभाऊ, बुरा नका मानू, पन हे तं लय वाईट केलं तुमी. मले फोनवर म्हनले, चूपचाप काढून द्या, घेनाऱ्याले गाडी मांगून उंच दिसाले नको. मीबी येडा, हो म्हनून बसलो. वरूडले काढाले नेली असती तं गावभर झालं असतं, म्हनून माह्याकडं आनली ना?

चंदा : आता समजलं अकोला काहून. आन मी साधनाताईकडं काहून.

किशोर : मी काय मुद्दाम केलं का? त्या दिवशी दवाखान्यात मी सांगनारच होतो. देवाची आन. पन तूच स्ट्रेचरजवळ उभी राहून म्हनली, आई, माह्या हातून झालं. सारे सोयरे उभे होते. तूच म्हनली. मंग मी काय करू?

चंदा : नाही म्हणाचं! "नाही चंदा, तुह्या हातून नाही झालं," इतकंच! सहा शब्द होते, सहा.

किशोर : मले वाटलं दोन महिन्यात लोक इसरतीन. एकदा तुले बोल लागलाच होता, आता मले लावून काय भेटनार होतं? मी मायचं सारं केलं ना. रात्रंदिवस दवाखान्यात बसलो. डबा नेला, पाय चेपले, बाथरूमले नेलं. तीन महिने शेतात पाय नाही ठेवला.

चंदा : हो. आन सारं गाव म्हणे, पोरगा असावा तं असा. करून सवरून नामानिराळा, आन वरून श्रावणबाळ! मले तं त्या तीन महिन्यात आईनं जवळ पण नाही येऊ दिलं. मी नर्स हाय, घरात नर्स असून त्यांची जखम धुवाले बाहेरून बाई लावली तू. माह्या हाताचं त्यांना भेव वाटे. दारातून पाहत होती मी, ती बाई पट्टी चुकीची बांधून राहिली हे दिसे, आन मले बोलता येत नव्हतं. हे तू पाहत होता, किशोर. तिथंच बसून होता तू.

किशोर : चुकलं माह्यं.

चंदा : इथं म्हणून काय फायदा? या जॅकले सांगून राहिला का? नत्थुजीले सांगून राहिला? फोन लाव.

किशोर : कोनाले?

चंदा : आईले. आत्ता. माह्यासमोर.

किशोर : फोनवर नको. घरी जाऊन शांतीनं सांगतो. तिचं बीपी हाय.

चंदा : तिच्या बीपीच्या गोळ्या मी देते, मले नको सांगू. घरी गेला का तुले शेतात काम निघते. लाव फोन. नाही तं मी लावते आन माह्या तोंडानं सांगते. मंग ते माह्यं गाऱ्हाणं होईन, आन सून गाऱ्हाणं करते म्हणतीन. तुह्या तोंडानं पाहिजे मले.

किशोर : गाडी विकून टाकू ना आपन. तुले पाहिजे तं नवी घेऊ, ऑटोमॅटिक.

चंदा : गाडी मी काहून विकून राहिली होती हे मालूम हाय ना तुले? मले आरोग्य सहायिकेची ऑर्डर आली. आठ गावं, परतवाड्याच्या अंगाले. तिथं एस्टी दिवसातून दोनदा जाते, गाडीबिगर होत नाही. सतरा वर्सं मी त्या ऑर्डरची वाट पाहिली. सोमवारी उत्तर द्याचं हाय आन मी नकार लिहून ठेवला. काहून? तं गाडी चालवाले बसली का माह्ये हात कापतात. तू ते पत्र वाचलं. वाचून काय म्हणला? "बरं केलं, तुले झेपणार नाही." हे म्हणाले तुही जीभ कशी वळली रे? तुले मालूम असून?

नत्थुजी : लावा किशोरभाऊ फोन. मी बाहेर जाऊन उभा राह्यतो पाहिजे तं.

चंदा : तुमी कुठं जात नाही काका. तुमी साक्षीले थांबा.

(किशोर फोन लावतो. चंदा तो त्याच्या हातातून घेते, आवाज मोठा करते आणि स्टुलावर ठेवते.)

सुंदराबाई : हां, कोन? किशोर? पोचले का रे? साधनाकडं जेवले?

किशोर : हो माय. नाही, म्हन्जे पोचलो. माय, तुह्यासंग बोलाचं हाय.

सुंदराबाई : बोल ना मंग. काहून असा आवाज काढून राहिला? गाडी गेली का इकून? बरं झालं, पीडा गेली.

किशोर : माय, ते गाडीचं... मांगच्या साली, तुह्या पायाचं... ते चंदाच्या हातून नव्हतं झालं.

सुंदराबाई : काय बोलून राहिला? मी होतो ना गाडीत.

किशोर : गाडीतच खराबी होती. संत्र्यासाठी मी मांगं रबर टाकले होते. काढाले पाहिजे होते, काढले नाही. त्याच्यानं रिकामी गाडी उसळे.

सुंदराबाई : मंग आता समजलं का तुले हे?

चंदा : सांग.

किशोर : नाही माय. मले तवाच मालूम होतं. आधीपासून.

सुंदराबाई : आधीपासून म्हन्जे कवापासून?

किशोर : तुमी निघाल्या तवापासून.

सुंदराबाई : आन बसू देलं आमाले?

किशोर : हो.

सुंदराबाई : थांब. खाटेवर टेकू दे मले.

किशोर : माय? हाय का?

सुंदराबाई : हाय. मेलो नाही अजून. दवाखान्यात तू माह्या उशाशी बसला होता, किशोर. मी रडत होतो, इनं माह्या जल्माचा पांगुळगाडा केला म्हनून. तू माह्ये डोळे पुसत होता. नाही का?

किशोर : हो माय.

सुंदराबाई : मी इले शिव्या देत होतो आन तू डोळे पुसत होता.

किशोर : चुकलं माह्यं.

सुंदराबाई : तू चूप बैस आता. हाड मोडलं त्याचं मले काई नाही, म्हाताऱ्याईचे हाडं मोडतातच. मले तू खोटं बोलाले लावलं. साऱ्या गावात मी सांगत फिरलो. मंदिरात सांगतलं, पार्बताले सांगतलं, तिच्या माहेरी फोन करून सांगतलं. माह्या तोंडानं मी तुह्यं पाप तिच्या नावावर वाटत फिरलो, आन तू आयकत होता. काय रे, मी तुले असाच वाढवला का? तिथं आयकून राहिली का ती?

चंदा : हो आई. इथंच हाय मी.

सुंदराबाई : तू काहून म्हनली मंग, माह्या हातून झालं म्हनून?

चंदा : मले वाटलं, माह्याच हातून झालं.

सुंदराबाई : आन इतके दिवस मले उलट नाही बोलली.

चंदा : मनातून लय बोलली आई. रोज बोलत होती. राग अजून हाय माह्या पोटात, तुमच्यावर पण हाय. खोटं सांगत नाही.

सुंदराबाई : असू दे. राहाले पाहिजे. मी असतो तं घर सोडून गेलो असतो... गाडी देली का त्या मानसाले?

चंदा : नाही. देणार पण नाही. काका आता रबर काढतीन, बुश बदलतीन. चारपर्यंत होईन सारं. मंग मी घेऊन येते गाडी. मी चालवीन.

किशोर : चंदा, अकोल्यापासून मोर्शी? तुह्ये हात...

चंदा : कापू दे. कापत कापत चालवीन. तू एस्टीनं ये.

सुंदराबाई : येऊ दे त्याले एस्टीनं. उभ्यानं येऊ दे. चंदा, ते तुह्ये आठ गावं. किशोर म्हने, तू नकार लिहून देऊन राहिली.

चंदा : सोमवारी उत्तर द्याचं हाय.

सुंदराबाई : हो म्हन. आन मंगळवारी सकाळी मले आधी बाजारातून ने, मंदिरावरून, पार्बताच्या दारावरून. पुढच्या सीटवर बसतो मी. काच खाली ठेवजो.